गट नंबर बारा फेब्रुवारी

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून करते तरी काय, याचं सगळ्यांत थोडक्यात उत्तर माझ्या सासूबाई देतात. गल्लीतल्या बायकांनी विचारलं की त्या सांगतात, "ती कंप्युटरवर भांडणं मिटाडस." आणि जरा थांबून, मला ऐकू जाईल अशा बेताने, "आनि घरमा लावस."

त्यांचं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसऱ्याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

माझी सगळी नोकरी जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षा विभागात झाली. कॉलेज इंजिनिअरिंगचं असलं तरी मी इंजिनिअर नव्हे. कोडची एक ओळ मला तेव्हा लिहिता येत नव्हती, आजही येत नाही. माझं काम प्राध्यापकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक सर चहा आल्याशिवाय गठ्ठा सोडत नसत आणि चहा झाला की त्यांना पेंग येई. दुसरे सर इतके कडक की त्यांच्या हातून त्यांचं स्वतःचं पोरगंही पास झालं नसतं. एक मॅडम इतक्या मायाळू की कोऱ्या पानालाही दोन मार्क देत, का तर बिचाऱ्याने पान तरी स्वच्छ ठेवलं. या सगळ्यांना सांभाळत निकाल वेळेवर लावायचा. त्यातून एवढं शिकले की तपासणारा कितीही विद्वान असला, तरी कोणता गठ्ठा त्याचा आणि कधीपर्यंत, हे कोणीतरी त्याला तोंडावर सांगावं लागतं. आणि ज्या दोघांचं आपसात जमत नाही त्यांना शेजारी बसवायचं नसतं.

निवृत्त झाले आणि वर्षभर घरातली कपाटं आवरली. आवरायला कपाट उरलं नाही तेव्हा पुण्याहून अनिरुद्धचा फोन आला. अनिरुद्ध आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. हुशार, पण अर्ज कायम शेवटच्या दिवशी भरणारा, म्हणून माझ्या चांगला लक्षात राहिलेला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सरांकडून पेपर तपासून घ्यायच्या. आता आमच्याकडून कोड तपासून घ्या."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

त्याने आणि त्याच्या काही मित्रांनी 'बोलकी पाटी' नावाचं एक सॉफ्टवेअर केलं होतं. मराठीत लिहिलेलं काहीही ते मोठ्याने वाचून दाखवतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. हे सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणजे ते कसं बनवलं तेही सगळ्यांना वाचता येतं. कोणीही घरबसल्या त्यात सुधारणा करून आमच्याकडे पाठवू शकतं. पण आलेली सुधारणा थेट आत जात नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी ती ओळ न् ओळ वाचायची, चुकलं असेल तर सांगायचं, पाठवणाऱ्याने दुरुस्त करायचं, पुन्हा वाचायचं, आणि मगच ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये मिसळायची. याला रिव्ह्यू म्हणतात. आमच्याकडच्या लोकांना मी शेतातल्या भरीत पार्टीचं उदाहरण देते. वांगी भाजताना सगळेच मदतीला धावतात, ते चांगलंच असतं. पण तिखट जो तो आपापल्या अंदाजाने टाकायला लागला तर रात्री सगळा गाव पाणी पीत बसेल. कोणीतरी एकाने चव घेऊन 'आता टाक' किंवा 'आता बस' म्हणावं लागतं.

अनिरुद्धकडे चव घेणारे होते, पण ते सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम फुकट करणारे. आलेल्या सुधारणांची रांग लागलेली. कोण कोणती बघतोय ते कोणालाच माहीत नाही. एखादी सोपी सुधारणा दोघं-तिघं तपासून टाकायचे आणि अवघड असेल तिच्याकडे सगळे लांबून बघून निघून जायचे. मला हे सगळं इतकं ओळखीचं वाटलं की मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

पहिली गोष्ट केली ती वार ठरवून दिले. खान्देशात प्रत्येक गावच्या बाजाराचा वार ठरलेला असतो. यावलचा बाजार कधी हे यावलच्या पोरासोरांना पण माहीत असतं, कोणाला विचारावं लागत नाही. तसाच तपासणाऱ्या प्रत्येकाला एक वार दिला. त्या वारी जे येईल ते त्याचं. त्याला जमणार नसेल तर त्याने स्वतः दुसरा माणूस शोधायचा, मी शोधणार नाही. पुण्या-मुंबईची ही मंडळी आधी हसली. पण रांग हलायला लागली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची मिळाली. जामनेरजवळच्या पहूरचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांचा आमच्या सॉफ्टवेअरवर एकच आरोप. फोनवर म्हणाले, "आमच्याकडे बठ्ठे लोक केयं म्हनतात. मंग तुमचं मशीन केळं कामून म्हनते?" जळगाव जिल्ह्यात राहून केळ्यावरून वाद घालायची माझी छाती नव्हती. पण तपासणारे हटून बसले की लिहिलंय तेच वाचलं पाहिजे. खूप दिवस चाललं. शेवटी गुरुजींच्या बोलीचा शब्दसंग्रह वेगळा ठेवायचा आणि ज्याला हवा त्याने तो लावून घ्यायचा, यावर तोड निघाली. गुरुजींनी तो शब्दसंग्रह असा मन लावून केला की आज त्यांच्याकडे जामनेर भागाचे शब्द तपासायला मी डोळे मिटून पाठवते.

चाळीसगावचे कांतीभाऊ आणखी वेगळे. त्यांचं कापडाचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानातलं. हा माणूस गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे बसून कोड लिहितो. त्यांनी पहिल्यांदा सुधारणा पाठवली ती एकदम गाडाभर. उच्चार बदलले, अक्षरांमधलं अंतर बदललं, फाइलींची नावं बदलली, सगळं एकाच गाठोड्यात. मी त्यांना म्हटलं, भाऊ, हे सुटं करून द्या, एका वेळी एक. तर म्हणतात, "मॅडम, सुटं कशाला, ठोकमध्ये घ्या ना." मी म्हटलं, तपासणाऱ्याला ठोकमध्ये तपासता येत नाही. दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवसापासून एकेक तागा उलगडून दाखवावा तशा सुधारणा पाठवायला लागले. आता ते दुसऱ्यांच्याही तपासतात, त्यांचा वार गुरुवार, कारण गुरुवारी दुकानात गर्दी कमी.

मग आली निर्मला. तिच्याशी पहिली भेट फोनवरच झाली, आणि तीही तक्रारीतून.

ती धुळ्याची. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तापात तिची नजर गेली. पुढे जिद्दीने बीए केलं, कॉम्प्युटर शिकली आणि धुळ्यातल्याच एका कार्यालयात लागली. घरी ती आणि तिची आई. बोलकी पाटी ती रोज ऑफिसात वापरायची. तिला एक सुधारणा सुचवायची होती, पण आमच्या साइटवर खातं उघडताना अडकली. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, असं म्हणून ती साइट चित्रं दाखवायची आणि त्यात सिग्नल कुठे आहे, बस कुठे आहे, ते विचारायची. निर्मलाने आमच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, तो मी उचलला. अगदी थंडपणे म्हणाली, "मॅडम, मी माणूस आहे हे सिद्ध करायला डोळे लागतात असं दिसतंय."

मला हसावं की शरमावं कळेना. तिचं खातं मी इकडून उघडून दिलं आणि ते चित्रांचं दार नंतर अनिरुद्धने कायमचं काढून टाकलं. पण त्या वाक्यावरून मला कळलं की ही बाई आपल्याला आवडणार आहे.

तिची सुधारणा काय होती, ते नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

निर्मलाच्या टेबलावर जमिनीसंबंधीचे अर्ज येत. अर्ज टाइप केलेले, कॉम्प्युटरवरच. ती एका कानात हेडफोन घालून ऐकणार, अर्ज कोणत्या गावचा, कोणत्या गटाचा, कशासाठी, हे नोंदवून योग्य त्या टेबलाकडे पाठवणार. आता जमिनीचा गट नंबर कसा लिहितात? बारा, तिरकी रेघ, दोन. म्हणजे बारा नंबरच्या गटाचा दुसरा हिस्सा. पण बोलकी पाटीला तिरकी रेघ दिसली की ती तारीखच समजायची. त्यामुळे निर्मलाला ऐकू यायचं, "गट नंबर बारा फेब्रुवारी."

पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी खदखदून हसले. तीही हसली. मग म्हणाली, "ऑफिसमध्ये पण सगळे असेच हसतात." तेव्हा माझं हसू आटोपलं.

फेब्रुवारी ऐकलं की मनात दोन करून घ्यायचं, हे ती सवयीने करत होती. पण त्याच अर्जात खरी तारीखही असते. कधी जमिनीचा हिस्सा नऊ बटे तीन आणि अर्जाची तारीखही नऊ मार्च. कोणतं काय, ते कानाला कसं कळावं? मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारायचं, "भाऊ, जरा बघता का?" तो बघायचा, पण दहाव्यांदा विचारल्यावर कोणाचाही आवाज बदलतो. एकदा तिच्याकडून एक अर्ज चुकीच्या टेबलाकडे गेला. संध्याकाळपर्यंत सापडला, नुकसान काही झालं नाही. पण साहेबांनी तिला बोलावलं. साहेब काही वाईट नव्हते. समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यापासून तुम्ही फोन घेत जा. तेवढाच तुम्हाला त्रास कमी." अर्जांचं टेबल ते दुसऱ्याला देणार होते.

ज्यांना दिसतं त्यांना यात मोठं काही वाटणार नाही. पगार तोच, खुर्ची तीच. पण निर्मलाने मला सांगितलं, "मॅडम, फोन उचलायला बीए कशाला करायचं?" ते टेबल तिने मागून घेतलं होतं. स्वतः वाचायचं, स्वतः ठरवायचं आणि त्याखाली आपलं नाव, एवढ्यासाठी तिने सगळा आटापिटा केला होता.

तक्रार करून ती थांबली नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे कसे वाचायचे याचे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये आहेत, ते लिहायला फार मोठं शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते. ती फाइल तिने बोलक्या पाटीकडूनच वाचून घेतली आणि नियम लिहिला. आधी 'गट', 'सर्व्हे' किंवा 'हिस्सा' असा शब्द आला असेल तर तिरकी रेघ तारीख म्हणून वाचू नये, 'बटे' म्हणून वाचावी. सोबत पडताळून बघायला भरपूर वाक्यं जोडली, त्यातली गावं आणि नावंही तिने मनाने रचलेली, कोणाच्या खऱ्या अर्जातली नाहीत. इतकं नीटनेटकं काम आमच्याकडे पदवीधर इंजिनिअर पण क्वचित पाठवतात. आकड्यांचे नियम मात्र कोणत्याही वारी आले तरी अनिरुद्धच तपासायचा, म्हणून मी ती सुधारणा त्याच्याकडे दिली. त्याने त्याच दिवशी खाली एक शब्द लिहिला.

"बघतो."

मी निर्धास्त झाले. अनिरुद्ध बघतोय म्हणजे काम झालंच.

तीन-चार दिवसांनी मी रांग चाळत होते, तर निर्मलाची सुधारणा रांगेत नव्हती. तिने स्वतःच ती मागे घेतली होती. खाली लिहिलं होतं, "राहू द्या. धन्यवाद."

खान्देशात राहिलेल्या माणसाला 'राहू द्या' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला कोणी आलं नाही की माणूस ताट पुढे ओढून म्हणतो, राहू द्या. मी फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी लावला, उचलला नाही. त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा साखरपुडा धुळ्याला देवपुरात होता. मी एक दिवस आधीच एसटीत बसले, पारोळ्याला बसमध्ये शेंगदाणे खात मनातल्या मनात भांडणाची तयारी केली आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती बाकावर बसून डबा खात होती. मी नाव सांगितलं तर डबा बाजूला ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "सुधारणा मागे का घेतली?"

"मॅडम, ते नाही म्हणाले ना."

"कोण नाही म्हणालं?"

"अनिरुद्ध सर. 'बघतो' लिहिलं त्यांनी."

"अगं, बघतो म्हणजे बघतो."

निर्मला हसली. लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं. आणि इतका वेळ ऑफिसच्या मराठीत बोलणारी ती एकदम घरच्या बोलीत आली. "अक्का, मी लहानपनपासून ऐकी राह्यनू. शाळामा गऊ, सर बोलनात, दखसूत. नोकरीना अर्ज दिधा, साहेब बोलना, दखसूत. मन्हाकरता स्थळ लई गयात, त्या बी बोलनात, दखसूत, कळाडसूत. बठ्ठा असंच सांगतस, नि मंग काहीच व्हत नही."

'दखसूत' म्हणजे 'बघू', 'कळाडसूत' म्हणजे 'कळवू'. मी तिच्याशेजारी बाकावर बसले. कारण ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. वर्गणी मागायला गेलं तर दुकानदार 'बघू' म्हणतो आणि मंडळाची पोरं पुढच्या दुकानाकडे वळतात, तिथे उभी राहून वाट बघत नाहीत. 'बघतो' ऐकून जो वाट बघत बसतो त्याला जग कळत नाही, असं आपण मानतो. निर्मलाला जग चांगलं कळत होतं. म्हणून तिने आमचा वेळ खाऊ नये म्हणून सभ्यपणे आपलं ताट उचललं. आणि तिकडे इतकी वर्षं पुण्यात काढलेल्या अनिरुद्धला 'बघतो' म्हणजे खरोखरच बघणं वाटत होतं.

ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवरून मी अनिरुद्धला फोन लावला आणि तिला ऐकू येईल असा मोठा आवाज केला. एसटीत तयार केलेलं सगळं भाषण त्याच्यावर खर्च केलं. तो बिचारा गोंधळून गेला.

"मॅडम, मी खरंच बघत होतो. रोज बघतोय. सुधारणा बंद झालेली दिसली तर मला वाटलं, त्यांना काही बदलायचं असेल. निर्मलाताई, तुमच्या नियमात एक जागा राहिलीय. 'गट क्रमांक बारा, दिनांक पाच रेघ दोन' असं वाक्य आलं तर? गट शब्द जवळ आहे म्हणून तुमचा नियम ती तारीखसुद्धा बटे करून वाचेल. अशी वाक्यं मी गोळा करत होतो. सगळी एकदम लिहून पाठवावी म्हणून थांबलो."

तेवढ्यात चहा आला. ग्लास हातात धरून निर्मलाने ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितलं असावं. मग म्हणाली, "हो. फसेल तिथे. 'दिनांक' आलं की गटाचा नियम तिथंच थांबवायला पाहिजे."

"बरोबर. आणि अजून एक. बटे का? छेद का नको? शाळेत आपण छेद म्हणतो."

"शाळेत म्हणतो सर. चावडीवर कोणी छेद म्हणत नाही. शेतकरी माझ्यासमोर येऊन बारा बटे दोन म्हणतो. कॉम्प्युटरने छेद म्हटलं तर दोघांची भाषा वेगळी, आणि मी मधल्या मधे."

अनिरुद्ध म्हणाला, "हे तुम्ही सुधारणेसोबत लिहा, अगदी याच शब्दांत. उद्या दुसरा कोणी छेद करायला निघाला तर त्याला कारण कळेल."

दोघं मग 'दिनांक', 'दि.', 'ता.' असं एकेक घेऊन बोलत सुटले. टपरीवाला माझ्याकडे बघत होता, की या दोन बायका कोणाशी आणि कोणत्या जमिनीवरून भांडताहेत. माझा त्यात काही उपयोग नव्हता. मी फक्त फोन धरून उभी होते. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत आणि नंतर, तपासणारा आणि ज्याचं तपासलं जातंय तो, असे एकमेकांचं ऐकून बोलताना मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. परीक्षेत ती दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. मला फार बरं वाटलं, आणि उन्हात उभं राहून दुसरा चहाही घेतला.

निर्मलाने सुधारणा पुन्हा पाठवली. अनिरुद्धने तिच्यात आणखी दोन चुका काढल्या, तिने त्यातली एक मान्य केली आणि दुसरीवर त्यालाच गप्प केलं. कांतीभाऊंनी गुरुवार नसताना दुसरं वाचन केलं. सुधारणा आत गेली.

त्यानंतर आमच्याकडे 'बघतो' हा शब्द बंद केला. मी नियमच लिहून टाकला. सुधारणा हातात घेतली तर काय तपासतोय आणि कधीपर्यंत सांगणार, ते लिहायचं. जमणार नसेल तर सरळ लिहायचं, 'माझ्याकडून होणार नाही, दुसऱ्याकडे द्या.' घ्यायचीच नसेल तर नाही म्हणायचं आणि का नाही तेही सांगायचं. सुरुवातीला आमच्या लोकांना 'नाही' लिहिणं जड गेलं, उद्धट वाटायचं. पण नाही म्हटल्यावर माणूस भांडायला तरी येतो. भांडायला आला म्हणजे तो अजून आपलाच असतो. सासूबाई म्हणतात ते माझं काम तिथून पुढे सुरू होतं.

एक रुखरुख मात्र आहे. त्या दिवसांत मी मागची सगळी रांग उलटी चाळली. कितीतरी सुधारणांखाली आमच्या कोणी ना कोणी 'बघतो' किंवा 'बघू' लिहिलेलं आणि पुढे सगळं शांत. मी त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. काहीजण परत आले. एका मुलीने लिहिलं की आता लहान बाळ आहे, कॉम्प्युटर उघडायला होत नाही, पण आठवण ठेवली म्हणून बरं वाटलं. बाकीच्यांची उत्तरं आली नाहीत. त्यांना आम्ही काय सांगितलं असं वाटलं असेल, ते मला आता कळतं आणि ते आठवलं की जीव हळहळतो.

पण या कामाने मला जे दिलं त्याचं पारडं खाली आहे. निवृत्तीनंतर माणसं हळूहळू कमी होत जातात, माझी वाढत गेली. अनिरुद्धने मला कपाटांतून बाहेर काढलं, त्याचे उपकार मी त्याच्या तोंडावर कधी बोलत नाही, कारण त्याला लगेच पुढचा अर्ज उशिरा भरायची सूट मिळाल्यासारखं वाटेल. इथे लिहिते. गुरुजींचे, कांतीभाऊंचे आणि ज्यांचे चेहरे मी कधी बघितले नाहीत अशा सगळ्यांचे आभार मानते. ही मंडळी आपल्या झोपेतून आणि सुट्टीतून वेळ काढून अनोळखी माणसाचं लिहिलेलं मन लावून वाचतात. दुसऱ्याचं इतकं लक्ष देऊन वाचणं हे मला प्रेमाचंच काम वाटतं, मग त्यात चुका का काढलेल्या असेनात.

निर्मलाच्या ऑफिसात नवी आवृत्ती लागायला वेळ गेला. तिथल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला सवड होईना. महिना संपत आला, साहेबांनी ठरवल्याप्रमाणे टेबल बदलायची वेळ आली. मी इकडून रोज विचारायची आणि ती रोज सांगायची, अजून नाही. शेवटी तिच्या शेजारच्या टेबलावरचे तेच भाऊ, ज्यांना ती दर वेळी 'जरा बघता का' विचारायची, त्यांनी त्या माणसाला हाताला धरून आणलं आणि समोर बसून आवृत्ती लावून घेतली. साहेबांनी टेबल बदलायचं एक पंधरवडा पुढे ढकललं. बघू या, म्हणाले. म्हणजे पुन्हा तेच 'बघू'.

पंधरवडा व्हायच्या आत एका दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं, टेबल गेलं.

तसं काही नव्हतं. त्या दिवशी साहेब चष्मा घरी विसरून आले होते. वरून एका अर्जाची तातडीने विचारणा झाली आणि साहेबांना स्क्रीनवरचं एक अक्षर लागेना. बाकीचे कारकून कोर्टाच्या कामाला बाहेर गेलेले. साहेब स्वतः उठून निर्मलाच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, एवढं वाचून दाखवता का?"

तिने हेडफोनची पिन काढली. पाटी मोठ्याने बोलायला लागली. गाव, अर्जदार, गट नंबर बारा बटे दोन, दिनांक पाच फेब्रुवारी. साहेब समोरच्या खुर्चीत बसून मोठ्या अक्षरांत लिहून घेत होते. झाल्यावर म्हणाले, "पुढचाही लावा." असे जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती लावत होती आणि ते लिहून घेत होते. उठताना त्यांनी कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला हाक मारून सांगितलं की या बाईंचं टेबल हलवायचं नाही.

"मग रडतेस कशाला?" मी विचारलं.

निर्मलाच्या मागे ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, "अक्का, आज साहेबनं काम मन्हावाचून अडेल व्हतं."